सुकवलेलं निळं कमळ: खरं फूल ओळखण्यापासून कपापर्यंत

निळ्या कमळाबद्दल दोन टोकांचं ऐकायला मिळतं. कोणी सांगतं, ही फारोंच्या दरबारातली दिव्य नशा आहे. कोणी म्हणतं, वाळका पालापाचोळा आहे, काही होत नाही. प्रत्यक्षात फूल खरं असेल, प्रमाण बेताचं असेल आणि पुढचे दोन-तीन तास मोकळे असतील, तर अंगातला ताण थोडा सैल पडतो, डोक्यातली गडबड जरा खाली बसते. बस, इतकंच. याहून जास्तीचं आश्वासन देणाऱ्याला बहुधा माल खपवायचा असतो. म्हणून हा लेख नशेच्या वाटेने जात नाही. फूल कसं पारखायचं, कसं वापरायचं, कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये आणि त्याच्या सोबतीने एक शांत विधी कसा बसवायचा, एवढंच इथे आहे.

आधी फूल कोणतं ते नक्की करा

ज्याला बाजारात 'ब्लू लोटस' म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कमळ नव्हेच. ते कुमुदाच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या, कुळातलं आहे. शास्त्रीय नाव निम्फिया सेरुलिया. सॅव्हिनी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1798 मध्ये, नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेच्या काळात, त्याला हे नाव दिलं. आता बरेच अभ्यासक त्याला निम्फिया नूचाली या जातीचा उपप्रकार मानतात. याच नूचालीचं निळं फूल श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल आहे. खरं कमळ म्हणजे निलंबो न्यूसिफेरा. त्याचं कूळ वेगळं, आणि त्याची फुलं गुलाबी किंवा पांढरी असतात, निळी कधीच नसतात.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण पैसे मोजताना सगळं यावरच अडतं. निलंबोची सुकी फुलं निळं कमळ म्हणून सर्रास विकली जातात. ती वाईट नसतात, फक्त तुम्ही मागितलेली नसतात.

इजिप्तमधलं या फुलाचं स्थान मात्र कोणी फुगवून सांगितलेलं नाही. हे फूल सकाळी उमलतं, दुपारकडे मिटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलतं, त्यामुळे सूर्याशी त्याचं नातं जुळणं साहजिकच होतं. आदिजलातून कमळ वर आलं आणि त्यातून सूर्य जन्मला, अशी तिथली एक सृष्टिकथा आहे. नेफर्तेम या देवाच्या डोक्यावर हेच फूल असतं. 'मृतांचा ग्रंथ' या इजिप्शियन अंत्यविधीच्या मंत्रसंग्रहातला 81 वा मंत्र तर मृताने कमळाचं रूप घ्यावं म्हणूनच आहे. तुतनखामुन या फारोच्या शवपेटीवर ज्या फुलमाळा मिळाल्या त्यांतही निळ्या कमळाच्या पाकळ्या होत्या. नेबामुन या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातली चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या मेजवानीच्या चित्रात पाहुण्यांच्या डोक्यावर ही फुलं खोचलेली दिसतात.

आता गंमत बघा. या चित्रांत लोक फूल सर्वांत जास्त वेळा काय करताना दिसतात? हुंगताना. ते नाकाशी धरलेलं असतं. दारूत भिजवून प्यायचे ही गोष्ट लोकप्रिय व्हायला विल्यम एम्बोडेन यांच्यासारख्या अभ्यासकांचं लिखाण कारणीभूत ठरलं. एम्बोडेन यांनी 1978 मध्ये या फुलाच्या गुंगी आणणाऱ्या वापराची बाजू मांडली. तो तर्क रंजक आहे, पण तर्कच आहे. हुंगणं मात्र भिंतीवर रंगवलेलं आहे. या लेखात सुगंधाला जास्त जागा दिली आहे ती त्यामुळेच.

खरेदी: इथेच बहुतेकांची फसगत होते

पूड घेऊ नका. पूड म्हणजे कोणत्याही फुलाची पूड. कापलेल्या पाकळ्याही टाळा. अख्खं सुकलेलं फूल मागा आणि विक्रेता पाकिटावर शास्त्रीय नाव लिहितो का ते बघा. 'सेक्रेड लोटस', 'इजिप्शियन ड्रीम फ्लॉवर' असली नावं आणि खाली काहीच नाही, तर पुढे चला.

फूल हातात आलं की उजेडात उलटसुलट करून बघा. खऱ्या निळ्या कुमुदाच्या सर्वांत बाहेर चार जाडसर हिरवट-करडी निदलं असतात. त्यांच्यावर बारीक गडद ठिपके किंवा रेघोट्या असतात. सुकल्यावर निदलं तपकिरीकडे झुकतात, तरी ठिपके नीट पाहिलं की सापडतात. आतल्या पाकळ्या निमुळत्या आणि टोकदार. त्यांचा रंग फिका निळसर-जांभळा, बुडाशी आणखी फिका. गाभ्यात पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. मधोमध झारीच्या तोंडासारखा सपाट, भोकाभोकांचा शंकू दिसला, तर ते निलंबो आहे. कुमुदात तो नसतो.

रंगाने हुरळून जाऊ नका. फूल सुकताना रंग उडतोच. सगळी फुलं एकसारखी गडद निळी, चकचकीत असतील तर ती रंगवलेली असण्याचा संशय घ्या. याची परीक्षा सोपी आहे. एक पाकळी कोमट पाण्याच्या पांढऱ्या वाटीत टाका. पाण्यात लगेच निळे ओघळ उतरले तर रंग लावलेला आहे. खऱ्या फुलाचं पाणी हळूहळू फिक्या सोनेरी, पुढे मधाच्या रंगाकडे जातं. निळ्या कमळाचा चहा निळा नसतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. निळाजर्द चहा हवा असेल तर तो गोकर्णाच्या फुलांचा. त्याचे फोटो कमळाच्या जाहिरातीत खुशाल वापरले जातात.

वास घ्या. गोडसर, किंचित मातकट, सुक्या गवतासारखा यायला हवा. कुबट, ओलसर वास आला, किंवा पाकळ्यांच्या बेचक्यांत पांढरी-करडी बुरशी दिसली, तर पाकीट सरळ फेकून द्या. धुऊन, वाळवून, उकळून बुरशीचं विष जात नाही. हे पाणवनस्पतीचं फूल आहे, त्यामुळे ते कुठल्या पाण्यात वाढलं आणि त्याची तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला जरूर विचारा. जड धातू आणि जंतूंच्या चाचणीचा कागद दाखवणारा विक्रेता मिळाला तर त्यालाच धरून राहा.

अर्क, राळ, '20 पट तीव्र' असं लिहिलेल्या कुप्या आणि ई-सिगारेटमध्ये भरायचे द्रव यांच्या नादी लागू नका. अख्ख्या फुलात काय आहे ते डोळ्यांनी दिसतं, द्रवात काहीच दिसत नाही. अमेरिकी सैन्यदलातल्या पाच रुग्णांची माहिती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. निळ्या कमळाची उत्पादनं वापरून भान बिघडल्यामुळे ते रुग्णालयात आले होते. पाचांपैकी चौघांनी ते ई-सिगारेटमधून ओढलं होतं. सुकं फूल विडीसारखं ओढण्याचाही काही जणांना शौक असतो. धूर तो धूरच, फुफ्फुसाला फुलाचं कौतुक नसतं.

कायद्याचंही आधीच बघून घ्या. बऱ्याच देशांत या फुलावर बंदी नाही, पण रशिया, पोलंड आणि लॅटव्हियाने त्यावर निर्बंध घातले आहेत. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर बंदी नसली तरी लुइझियाना राज्याने 2005 च्या कायद्याने ते माणसांच्या सेवनासाठी बाळगायला मनाई केली आहे. प्रवासाला निघताना फुलाची डबी सामानात टाकण्यापूर्वी जिथे जाणार तिथला नियम वाचा. सैन्यात, विमानसेवेत किंवा जिथे अंमली पदार्थांची तपासणी होते अशा नोकरीत असाल, तर नाद सोडलेला बरा.

कोणी पिऊ नये

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका.

या कुळातल्या वनस्पतींच्या संदर्भात ज्याचं नाव सारखं येतं ते अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं शरीरावर परिणाम करणारं रसायन, न्यूसिफेरीन. 2016 मधल्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात ते डोपामिन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या दोन्ही रसायनांच्या ग्राहींवर (ती जिथे चिकटतात त्या जागांवर) काम करतं, आणि काही बाबतींत मानसिक आजारांवरच्या औषधांसारखं वागतं, असं दिसलं. म्हणजे नैराश्य, पार्किन्सन्स, सायकोसिस किंवा बायपोलरची औषधं चालू असणाऱ्यांनी हा कप तोंडाला लावू नये. झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणारी औषधं, तीव्र वेदनाशामकं घेणाऱ्यांनीही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, रक्तदाब मुळातच कमी असलेले, हृदयाचे किंवा यकृताचे रुग्ण या सगळ्यांनी पिण्याचा विचार बाजूला ठेवावा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

विक्रेते फुलात ॲपोमॉर्फिन असतं असं लिहितात आणि वर त्याची शेखी मिरवतात. ॲपोमॉर्फिन हे पार्किन्सन्सवरचं औषध आहे, ते मॉर्फिनपासून बनवतात आणि त्याने जोराची मळमळ होते. जाहिरातीत त्याचं नाव ठळक दिसलं की त्या विक्रेत्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा तिरक्या नजरेने बघा.

आणि दारूबरोबर नको. इंटरनेटवर वाइनमध्ये फुलं भिजवायच्या कृती ढिगाने सापडतात. दोन सुस्ती आणणाऱ्या गोष्टी एकत्र केल्यावर कोणाचा परिणाम किती, हे कळायला मार्ग उरत नाही. त्या कृती मी इथे देत नाही.

चहा: पायरी पायरीने

पहिल्यांदा करत असाल तर सुट्टीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ निवडा. नंतर गाडी चालवायची नाही, चुलीवर काही ठेवायचं नाही, महत्त्वाचे फोन करायचे नाहीत. घरात आणखी कोणी असेल तर काय पिताय ते त्यांना सांगून ठेवा.

1. फूल वजनकाट्यावर ठेवा. 'एक फूल' हे माप फसवं आहे, कारण फुलं लहान-मोठी असतात आणि देठ ठेवला की वजन वाढतं. पहिल्या वेळी 1 ते 2 ग्रॅम पुरे. या फुलाची कोणतीही प्रमाणित मात्रा ठरलेली नाही, म्हणून खालूनच सुरुवात करायची. पुढेही 3 ग्रॅमच्या वर जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. चव कडवट होते, पोट ढवळतं आणि हाती फार काही लागत नाही.

2. देठ कापून टाका. फूल गार पाण्याखाली क्षणभर धरा, धूळ आणि सुटे परागकण जातात. चोळू नका.

3. 250 मिली पाणी उकळा, आच बंद करा आणि तीनेक मिनिटं थांबा. खळखळत्या पाण्यात टाकलं की सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो.

4. पाणी रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओता आणि फूल अलगद वर ठेवा. आता झाकण लावायची घाई करू नका. चुरगळलेल्या पाकळ्या पाणी शोषून एकेक करून सरळ होतात, आधी बाहेरच्या, मग आतल्या. मिनिटा-दोन मिनिटांत फूल बऱ्यापैकी उमलून येतं आणि गाभ्यातला पिवळा झुबका उघडा पडतो. पाण्याला कडेने फिकट सोनेरी छटा येऊ लागते. फूल खरं की खोटं, याची दुसरी परीक्षा इथेच होते.

5. मग झाकण लावून 10 ते 15 मिनिटं मुरू द्या.

6. मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. साध्या गाळणीतून पुंकेसरांचा बारीक भुगा खाली उतरतो आणि घशाला खवखवतो.

7. चव फुलासारखी, मागाहून कडवट. मध घातला तर चालतो. आल्याचा लहान तुकडा पोटाला बरा वाटतो. साखरेने चव बिघडते असं माझं मत, पण ज्याची त्याची आवड.

अगदी रिकाम्या पोटी पिऊ नका आणि भरपेट जेवून लगेचही नको. अर्धा कप सावकाश प्या, मग अर्धा तास थांबा. चक्कर, धडधड, मळमळ, अंगावर पुरळ, अस्वस्थपणा यांपैकी काही जाणवलं तर उरलेला ओतून टाका. बरं वाटत असेल तर उरलेला अर्धा घ्या. 'काहीच होत नाही' म्हणून लगोलग दुसरा कप करणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. काही होत नसेल तर नाही. तेवढ्यावर त्या दिवसाचा विषय बंद. छातीत दुखलं, भास झाले, बोलण्यात असंबद्धपणा आला, श्वास लागला, तर वाट बघत बसू नका. थेट डॉक्टरकडे जा आणि फुलाचं पाकीट सोबत न्या.

न पिता वापरायचे मार्ग

'कोणी पिऊ नये' या भागात ज्यांचं नाव आलं त्यांनी हिरमुसून जायचं कारण नाही. माझ्या मते या फुलाचा जास्त सुखाचा वापर कपाबाहेरच आहे.

पाय शेकायला चार-पाच फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधा. घमेल्यात सोसेल इतकं गरम पाणी घेऊन त्यात ती पुरचुंडी दहा मिनिटं सोडा, मग पाय बुडवा. फुलं सुटी टाकू नका, नाहीतर पाकळ्यांचा लगदा बोटांच्या बेचक्यांत अडकतो. अंघोळीच्या टबातही हीच पुरचुंडी चालते. पाणी फार गरम ठेवलं आणि उठताना घाई केली की घेरी येते, हे मात्र फुलाशिवायही तितकंच खरं.

तेल म्हणून जे खऱ्या अर्थाने मिळतं ते 'ॲब्सोल्यूट'. हेक्झेनसारख्या द्रावकाने काढलेला हा दाट सुगंधी अर्क असतो. थोड्याशा तेलाला फुलांची रास लागते, म्हणून ते महाग असतं आणि म्हणूनच भेसळही फार होते. ते पोटात घ्यायचं नाही. 10 मिली जोजोबा किंवा बदाम तेलात दोन थेंब म्हणजे साधारण एक टक्का, तेवढं बास. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. खाज नाही आली तर मनगटावर, कानामागे लावा. डोळ्यांजवळ नको.

डोळ्यांवर ठेवायच्या उशीत सुक्या पाकळ्या आणि जवस अर्धे-अर्धे भरले तर छान वजन येतं. पाकळ्यांचा वास महिना-दोन महिन्यांत उतरतो. उशीला चेन लावली की आतला माल बदलता येतो.

विधी कसा बसवायचा

प्राचीन इजिप्शियन विधी म्हणून जे छापून येतं, त्यातलं पुष्कळसं आजच्या लोकांनी रचलेलं आहे. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला तीन हजार वर्षांचा शिक्का मारू नये. आपला विधी आपण रचतोय असं उघड म्हणावं. त्याने त्याचा गुण कमी होत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने तीच गोष्ट करत राहिलं की शरीर आपोआप संथ होतं. कपातल्या परिणामाचा मोठा वाटा या संथ होण्याचाच असतो, असं मला वाटतं.

वेळेचे दोन पर्याय आहेत. फूल सूर्याबरोबर उमलतं, म्हणून सकाळ शोभून दिसते. पण सकाळी प्यायचं नाही, फक्त पाण्यात फुलवायचं आणि हुंगायचं. पिणार असाल तर संध्याकाळच.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसता पालथा घालून चालत नाही, हात तिकडे जातोच. दिवा मंद करा. वाडग्यात कोमट पाणी घ्या, फूल ठेवा आणि ते उघडेपर्यंत बघत राहा. मनात एखादा प्रश्न किंवा सोडून द्यायची गोष्ट असेल तर ती कागदावर एका ओळीत लिहा, पानभर नको. मग श्वास घ्या. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की नाडीचा वेग उतरतो. हे फुलाचं काम नव्हे, श्वासाचं आहे. दर काही श्वासांनी वाडगं नाकाजवळ आणा, अगदी त्या थडग्यांतल्या चित्रांसारखं. पिणार असाल तर आता प्या, घोटाघोटाने. मंत्र, प्रार्थना, संगीत, निव्वळ शांतता यांतलं जे तुमचं असेल ते. दुसऱ्याच्या व्हिडिओतून उचललेली वाक्यं तिसऱ्या दिवशी तोंडाला पोकळ लागतात.

काही जण सांगतात की रात्री स्वप्नं ठळक पडतात. अनुभव घ्यायचा असेल तर उशाशी वही ठेवा आणि जागं होताच, अंथरुणातून उठण्याआधी, चार शब्द लिहा. पण एक करा: फूल न घेतलेल्या रात्रीही तशीच वही ठेवा. वही ठेवल्यानेच स्वप्नं जास्त आठवतात, आणि मग त्याचं श्रेय फुलाच्या खात्यात जमा होतं.

किती वेळा आणि साठवण कशी

रोज नको. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि मधे एखादा महिना पूर्ण सुट्टी. रोज प्यावंसं वाटू लागलं, किंवा त्याशिवाय झोप येत नाही असं वाटू लागलं, तर तिथेच थांबा. झोपेचा त्रास आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर तो डॉक्टरांचा विषय आहे, फुलाचा नाही.

फुलं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात, गॅसपासून आणि ओलाव्यापासून लांब ठेवा. बरणीत ओला हात घालू नका. दमट हवेत सिलिका जेलची पुडी टाका. बरणीवर नाव आणि आणल्याची तारीख लिहा, नाहीतर घरातलं दुसरं कोणी साधा फुलांचा चहा समजून पाहुण्याला पाजेल. लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवा. वर्षभरात संपवा. सहा महिन्यांनंतर दर वेळी उघडताना वास घेऊन बघा. केलेला चहा त्याच दिवशी संपवा. गाळून उरलेली फुलं कुंडीतल्या मातीत मिसळली तरी चालतात. तेच फूल दुसऱ्यांदा उकळू नका, दुसऱ्या कपात कडू पाण्याखेरीज काही उतरत नाही.